पेडणे व डिचोली तालुक्यांतील सायकल-भ्रमणाचे मार्ग

सायकलीने भ्रमण करण्यासाठी मार्ग आखावयाचा म्हटले की मनुष्य प्रथम नकाशावर अंतर मोजतो. पेडणे तालुक्यात हे माप अपुरे पडते. उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा तीन बाजूंनी हा तालुका पाण्याने वेढलेला आहे. केरीच्या किनाऱ्यावरून तेरेखोलचा किल्ला अगदी समोर दिसतो. परंतु फेरीबोट बंद असेल तर तेथे पोहोचण्यासाठी किरणपाणी, आरोंदा व रेडी असा मोठा वळसा घालून महाराष्ट्राच्या हद्दीतून जावे लागते. डिचोलीत पाण्याची जागा डोंगर व खाणी घेतात. म्हणून या दोन तालुक्यांत किती किलोमीटर, या प्रश्नापूर्वी पाणी कोठे ओलांडावयाचे, सडा कोठे चढावयाचा आणि हे दोन्ही दिवसाच्या कोणत्या प्रहरी करावयाचे, याचा निर्णय घ्यावा लागतो.

येथील भूमीचे स्थूलमानाने तीन स्तर आहेत. नदीच्या मुखाजवळ, भरतीच्या पातळीलगत खाजन शेती. खाऱ्या पाण्याला बांध घालून ही जमीन राखलेली असून मानशीच्या दारांनी पाण्याची आवकजावक नियंत्रित केली जाते. तिच्या वर डोंगराचा पायथा. येथे माडांची बने, कुळागरे, देवळे व वस्ती. सर्वांत वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. पूर्वीचे लोक पिकाऊ जमीन रस्त्यासाठी खर्च करीत नसत व सड्यावर पाणी नसल्याने तेथे वसतही नसत. साहजिकच जुनी वाट पायथ्याने, घरांना व झऱ्यांना धरून गेली. ती वळणावळणाची आहे, पण बहुतांशी सपाट व सावलीची आहे. अलीकडचे रुंद रस्ते मात्र थेट सड्यावर चढतात व पलीकडे उतरतात. मोटारीला हा चढ जाणवत नाही. नकाशात जाड रेघेने दाखविलेला रस्ता चांगला, असे समजून निघालेला नवखा सायकलस्वार दुपारी अकरा वाजता तापलेल्या सड्यावर सायकल हाताने ढकलीत असतो, आणि त्याच वेळी खाली पाचशे पावलांवर झाडांच्या सावलीतून दुसरा रस्ता त्याच गावाला जात असतो.

हा दुसरा रस्ता शोधावयाचा कसा? नकाशापेक्षा पोदेराला विचारावे. पाठीमागे पावाची मोठी टोपली बांधून, रबरी फुग्याचा भोंगा वाजवीत पहाटे व सायंकाळी वाड्यावाड्यांतून फिरणारा पोदेर हा गोव्यातील खरा सायकलस्वार होय. उंडे व पोळ्यांनी भरलेली टोपली घेऊन कोणीही विनाकारण चढ चढत नाही. कोणत्या पायवाटेवरून सायकल जाते, कोणत्या घाटीवर उतरून चालावे लागते, कोणता बांध पावसाळ्यानंतर खचला आहे, हे त्याला ठाऊक असते. प्रस्तुत लेखकाने या भागातील निम्म्याहून अधिक वाटा त्याच्याकडून शिकल्या आहेत.

किनारी मार्गाचा आरंभ शिवोली व चोपडे यांना जोडणाऱ्या शापोरावरील पुलापासून करणे सोयीचे. पूल होण्यापूर्वी येथे फेरीबोटच होती. चोपड्याहून डावीकडे मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल व शेवटी केरी असा हा मार्ग जातो. हरमलपर्यंत चढ-उतार किरकोळ आहेत. हरमलहून केरीला जाताना मात्र डोंगराचा एक फाटा ओलांडावा लागतो. हरमलला समुद्राच्या अगदी लगत, टेकडीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे तळे आहे. ते पाहण्यासाठी सायकल गावात ठेवून पायी जावे. मोरजी व मांद्रे येथील वाळूवर हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवरून सायकल चालविण्याचा मोह अनेकांना होतो, पण या दोन किनाऱ्यांवर तो आवरावा, आणि रात्री तर दिवा घेऊन वाळूकडे फिरकूच नये.

या मार्गावर दिशेला महत्त्व आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात सकाळी वारा मंद व जमिनीकडून असतो. दुपारनंतर तो समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून वाहू लागतो. यासाठी उत्तरेकडील प्रवास सकाळी व परतीचा दुपारनंतर ठेवावा, म्हणजे वारा पाठीशी राहतो. उलट क्रमाने गेल्यास तेच अंतर दीडपट वाटते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. केरी-तेरेखोल फेरी नदीच्या मुखाशी चालते आणि पाणी फार उतरले की बोटीला धक्क्याशी लागणे कठीण होते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, मोठी ओहोटी सकाळी लवकर व सायंकाळच्या सुमारास येते. एका अमावास्येला किल्ला पाहून परतताना प्रस्तुत लेखक सायंकाळी तेरेखोलच्या धक्क्यावर दीड तास अडकून पडला होता. सोबत मासळीची रिकामी पाटी घेऊन बसलेली एक वृद्ध बाई होती. पंचांग पाहिले नाही काय, एवढेच तिने विचारले व ती निवांतपणे पाने खात बसली. तिच्या दृष्टीने यात अडचण अशी काही नव्हती. तिची वेळ पाण्याची होती, आमची घड्याळाची. शेवाळलेल्या उतारावरून सायकल खाली नेताना दोन्ही हातांचे ब्रेक एकदम दाबू नयेत, हा धडाही त्याच सायंकाळी मिळाला.

तेरेखोलचा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीकरांनी बांधला व १७४६ साली तो पोर्तुगीजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. बरोबर एक वर्षाने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, याच तालुक्याच्या ईशान्येस पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात कर्नैलसिंग बेनिपाल यांना वीरमरण आले. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक पाहावयाचे असल्यास सायकलस्वाराला राष्ट्रीय महामार्गाचा आधार घ्यावाच लागतो, व तेथील अवजड वाहतूक पाहता हा टप्पा पहाटेच उरकणे इष्ट.

किनाऱ्याऐवजी अंतर्भागातून जावयाचे असल्यास चोपड्याहून उजवीकडे आगरवाड्याला वळावे. गावाचे नावच मिठागरांवरून पडलेले आहे. जानेवारीनंतर येथे मिठाच्या वाफ्यांचे काम सुरू होते. तेथून पार्से व तुये या गावांतून पेडण्यास पोहोचता येते. हा टप्पा लहान आहे. परंतु खाजन, माडबन व डोंगर असे तिन्ही स्तर एका सकाळी पाहावयाचे तर याहून सोयीची वाट नाही. पेडण्याच्या पूर्वेस शापोराच्या काठी हळर्णचा किल्ला व पुढे इब्रामपूर. हा प्रदेश पर्यटकांना अद्याप फारसा माहीत नाही. येथे खानावळी थोड्या, म्हणून पाणी व न्याहरी बरोबर असावी.

इब्रामपुराहून नदी ओलांडून, दोडामार्गाच्या वेशीजवळून साळ व मेणकुरे या गावांमार्गे डिचोली गाठता येते. मुलूख बदलतो तो येथे. समुद्राचा वारा थांबतो, चढ लांब होतात आणि माती लाल होते. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींनी डोंगरांचा आकार पालटला आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा अनेक वर्षे ट्रकांनी व्यापलेले रस्ते एकाएकी मोकळे झाले. गावांवर बेकारीचे संकट कोसळले, ही गोष्ट विसरता येणार नाही. पण मुले सायकलीने शाळेत जाऊ लागली, हेही खरे. पुढे २०२४ साली डिचोलीत उत्खननास पुन्हा आरंभ झाला. सायकलस्वाराने खनिजवाहतुकीचा रस्ता ओळखण्याची एक साधी खूण लक्षात ठेवावी : रस्त्याच्या कडेची झाडे लाल दिसू लागली की तो रस्ता सोडावा. ट्रकमधून सांडलेले खनिजाचे बारीक खडे वळणावर चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात, व अशा ठिकाणी उत्तम ब्रेकही निरुपयोगी ठरतात.

डिचोलीहून पूर्वेस साखळीच्या बाजूला हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी, धबधबा व रुद्रेश्वराचे देवालय आहे. धबधबा पाहावयाचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे. एप्रिलमध्ये गेलेल्यास निराशा पदरी येते. पश्चिमेकडील मये-नार्वे मार्ग मात्र बारा महिन्यांपैकी आठ महिने रमणीय असतो, आणि दोन्ही तालुक्यांत एकच दिवस हाती असेल तर तो येथे घालवावा, असे आमचे मत आहे. मयेचे तळे टेकड्यांच्या द्रोणात आहे. तेथून कुळागरांच्या कडेने नार्व्यास उतरता येते. दिवाडी बेटावरील मूळ सप्तकोटेश्वर मंदिर पोर्तुगीज अंमलात उद्ध्वस्त झाल्यावर देवाची स्थापना नार्व्यास झाली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. गोवा शासनाने जतनकार्य पूर्ण केल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये हे मंदिर पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

आता एका चिंतेचा उल्लेख करावयास हवा. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. तेव्हापासून पेडण्यातील वाहतूक वाढली असून पायथ्याच्या वाटाही रुंद करण्याची मागणी गावोगाव ऐकू येते. मागणी अयोग्य आहे असे नव्हे. रुग्णवाहिका गावात शिरली पाहिजे. परंतु वाट रुंद झाली की कडेचे आंबे-फणस जातात, सावली जाते, वाहनांचा वेग वाढतो आणि मग पोदेरालाही सायकल सोडून मोटारसायकल घ्यावी लागते. सायकल-पर्यटनासाठी वेगळे मार्ग बांधण्याची येथे गरज नाही. ते तयारच आहेत. प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतील अशी एक वाट निवडावी, फाट्यावर गावाचे नाव व पुढील फेरीबोटीची वेळ लिहिलेली दगडी पाटी लावावी, आणि तेवढ्या वाटेवरील झाडे राखावीत. यास फार मोठा खर्च येणार नाही.

दुरून येणाऱ्यांनी सायकल रेल्वेच्या सामानडब्यातून आणावी. पेडण्यासाठी पेडणे व डिचोलीसाठी थिवी ही कोकण रेल्वेची स्थानके सोयीची. मात्र पेडण्यास सर्व गाड्या थांबत नाहीत. चढांसाठी गियरची सायकल असल्यास उत्तम, नसल्यास टायर जाड असावेत. डिचोलीचा फेरा नार्व्यास संपवावा. तेथील धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीस उतरले की बेट बहुतांशी सपाट आहे, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुन्या गोव्याकडे नेणारी फेरी मिळते. सायंकाळी पाचच्या सुमारास नार्व्याच्या धक्क्यावर पोहोचणाऱ्यास बहुधा एखादा पोदेरही भेटतो. टोपलीत उरलेली पोळी त्याच्याकडून गरम नसली तरी ताजी मिळते.