डॉक्टरांआधी सिस्टर कशाला?

प्रश्न : आईला बिपी-शुगरसाठी दर महिन्याला मोठ्या दवाखान्यात नेतो. केसपेपर काढला की एक ताई वजन घेतात, सिस्टर बिपी मोजतात, आणखी कुणी गोळ्यांचं विचारतं. डॉक्टरांसमोर मात्र दोन मिनिटं. ही मधली माणसं काढून सगळं डॉक्टरांनीच केलं तर बरं नाही का? — एक वाचक, देवळी

उत्तर : मधली माणसं काढलीत तर ती दोन मिनिटंही वजनकाट्यावर जातील. डॉक्टर घाईत असणं ही काही देवळीचीच रड नाही. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर एका रुग्णाला बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं देतात असं दिसलं. आपण होतो दोन मिनिटांच्या आसपास.

आता बिपीच घ्या. ते नीट मोजायचं तर माणूस आधी पाच मिनिटं शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा लुगड्या-सदऱ्यावरून नाही तर उघड्या दंडावर, आणि दंड छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा नको. खर्रा तर नकोच. बाहेर रांग लागलेली असताना डॉक्टर हे सगळं कधी करणार? शिवाय डॉक्टर समोर आले की पुष्कळांचं बिपी धास्तीनंच चढतं. इटलीतल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हे मोजून पाहिलं. नर्सनं मोजताना ही वाढ जवळपास निम्मीच भरली. म्हणजे सिस्टरनी घेतलेला आकडा दुय्यम तर नाहीच, बरेचदा तोच जास्त खरा असतो.

आणि हे काम दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही, ते तुमच्या गल्लीत सुरू होतं. आशाताई तिशीवरच्या माणसांचा सी-बॅक फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला बिपी-शुगर आहे का, याला गुण असतात. बाईची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली की २ गुण. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला पहिला नंबर. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बिपी-शुगर तपासतात, गरज वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात.

आपल्या वर्धा जिल्ह्याला तर गावातून सुरू होणारं हे काम नवं नाही. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९चं. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. १९८०च्या सुमारास डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा उभा केला. वर्गणी ज्वारीत, गावात आरोग्यसेवक आणि त्याच्या पाठीशी कस्तुरबा रुग्णालय. वर्ध्यात वाढलेल्या डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासोबत गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या बायकांच्या गावात डॉक्टर नव्हता, हे लक्षात घ्या. तुमच्या दवाखान्यात तो पलीकडच्या खोलीत आहे.

तुमची तक्रार मात्र खोटी नाही, फक्त रोख चुकलाय. सिस्टरनी वाचवलेला वेळ आईच्या वाट्याला यायला हवा. तो पुढचा नंबर बोलवण्यात गेला तर ही सगळी मांडणी वाया. केसपेपरवर लिहिलेलं न वाचता डॉक्टर तेच पुन्हा विचारत असतील, तर तो दोष सिस्टरचा नाही. निदान करणं आणि औषध बदलणं हे डॉक्टरांचंच काम, ते दुसऱ्यावर ढकललेलं चालणार नाही. आणि आशाताईला कामागणिक मोबदला देऊन तिच्या डोक्यावर रोज नवं रजिस्टर ठेवायचं, यानं डॉक्टरांचा भार हलका होत नाही. तो फक्त कमी पैशांत राबणाऱ्या बाईवर जातो.

पुढच्या वेळी गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या आणि किती दिवस गोळी चुकली ते सिस्टरना स्पष्ट सांगा. डॉक्टरांपुढे लाजून न सांगितलेलं सिस्टरजवळ सहज निघतं. मग आत गेल्यावर डॉक्टरांना एवढंच म्हणा, "सिस्टरनी लिहिलंय, जरा बघता का?"