उन्हाळ्यात डोळ्यांचे थेंब कोठे ठेवाल?

मे महिना लागला की दवाखान्यात ऊन लागलेले, उलट्या-जुलाबाचे आणि घामोळ्यांनी बेजार झालेले रुग्ण वाढतात. त्यांच्याविषयी या सदरात पुष्कळ लिहून झाले आहे. आज बोटभर उंचीच्या एका बाटलीविषयी लिहितो. ही बाटली बहुतेक घरांत असते आणि ती कोठे ठेवावी याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ती म्हणजे डोळ्यांत घालायच्या थेंबांची.

माझ्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना दोन्ही डोळ्यांचा काचबिंदू आहे. रोज रात्री झोपताना एकेक थेंब, हा नेम त्यांनी वर्षानुवर्षे कधी मोडला नाही. एका उन्हाळ्यात ते महिनाभर मुलीकडे खेड्यावर राहिले. परत आल्यावर नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांतील दाब तपासला, तेव्हा नेहमी 16 असणारा दाब 27 निघाला. "थेंब चुकवलेत का?" असे विचारल्यावर गुरुजींना रागच आला. माझ्याकडे आले तेही तणतणतच.

मी विचारले, "गुरुजी, बाटली ठेवत होता कोठे?"

"पिशवीत. आणि पिशवी खुंटीला. मुलाबाळांचा हात पोचू नये म्हणून जरा उंचावर."

खोली टिनाच्या छपराची होती. दुपारी त्या टिनाखाली माणसाला बसवत नाही, तेथे औषधाचे काय होणार? शिवाय ती बाटली फोडून दोन महिने होत आले होते. तळाशी थोडे औषध उरले होते, ते टाकून देणे त्यांच्या जिवावर आले. दाब वाढण्यात दोष उष्णतेचा किती आणि जुन्या बाटलीचा किती, हे मला सांगता येणार नाही. नवी बाटली नीट ठेवून वापरल्यावर काही आठवड्यांत दाब 17 वर आला, एवढे खरे.

यातली गंभीर गोष्ट अशी की गुरुजींना काहीही जाणवले नव्हते. काचबिंदूत दाब वाढला तरी बहुधा डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे दिसतही असते. नजर कडेकडेने कमी होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. ताप उतरला नाही की गोळी लागू पडली नाही हे कळते. काचबिंदूच्या थेंबांचा गुण गेला तर ते कळायला मार्ग नाही. औषध गढूळ झाले, रंग बदलला किंवा आत कण दिसले तर बाटली टाकावीच. पण उष्णतेने कस गेलेले औषध पुष्कळदा नितळच दिसते. म्हणून बघून ठरवू नये.

मग कसे ठरवावे? बाटलीच्या किंवा खोक्याच्या लेबलावर ते छापलेले असते. अक्षर बारीक आणि इंग्रजी असते, म्हणून औषध विकत घेतानाच दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. बहुतेक थेंब 25 किंवा 30 अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवायचे असतात. काही थेंबांना 2 ते 8 अंश, म्हणजे फ्रीज लागतो. क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब सहसा यात मोडतात. काचबिंदूवरील लॅटानोप्रोस्टच्या पुष्कळ बाटल्या फोडण्यापूर्वी फ्रीजमध्ये ठेवायच्या असतात आणि फोडल्यावर 25 अंशांपर्यंत चार ते सहा आठवडे चालतात. काही कंपन्यांची हीच बाटली बाहेरही टिकते. तेव्हा शेजाऱ्याच्या बाटलीचा नियम आपल्या बाटलीला लावू नये.

आता चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 वर जातो तेव्हा घरात 25 अंश आणायचे कोठून? फ्रीज असेल तर प्रश्न मिटला. एका छोट्या झाकणाच्या डबीत बाटली घालून मधल्या फळीवर ठेवा. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नको. गोठलेले थेंब वापरू नयेत. दारातल्या खणातही नको, कारण दार उघडले की तेथे गरम हवा लागते. वीज गेली तर फ्रीज उगाच उघडू नका, गारवा काही तास टिकतो. थंड थेंब डोळ्याला झोंबत असतील तर बाटली मिनिटभर मुठीत धरावी.

फ्रीज नसेल तर आपला माठ आहे. बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालावी आणि माठाखालच्या ओल्या वाळूत तो डबा अर्धा रोवावा. वरून ओले फडके टाकून ते वाळू देऊ नये. कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. इन्सुलिनसाठीही लोक असेच मातीचे भांडे वापरतात. कोकणातल्या दमट हवेत मात्र माठ फारसा गार होत नाही. आणि माठ म्हणजे फ्रीज नव्हे. ज्या बाटलीला 2 ते 8 अंश लागतात, ती गरजेपुरती एकच आणावी, साठा करू नये.

बाटली जास्तीत जास्त तापते ती प्रवासात. मोटारसायकलची डिकी, उन्हात उभ्या केलेल्या गाडीतला समोरचा खण, एस.टी.च्या खिडकीकडील पिशवी, या जागा टाळा. लग्नाला जाताना बाटली कपड्यांच्या घडीत, पिशवीच्या मधोमध ठेवा. बर्फ लावायचाच तर मध्ये जाड कापड हवे. एखादे दिवशी बाटली तापलीच, तर घाबरून थेंब बंद करू नका. त्या रात्रीचा थेंब घाला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना किंवा दुकानदाराला विचारा.

बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनने लिहा. लेबलवर वेगळे काही नसेल तर महिन्याने बाटली टाकायची, अर्धी भरलेली असली तरी. खोक्यावरची मुदत न फोडलेल्या बाटलीची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फोडलेल्या बाटलीत जंतू शिरू शकतात, आणि तिचे टोक पापणीला किंवा बोटाला लागले तर हमखास शिरतात.

2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती. त्या वेळचे थेंब अजून कित्येक घरांत जपून ठेवलेले मी पाहिले आहेत. ते आजच टाका. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असते. बुबुळाला जखम असताना ते घातले तर डोळा जाऊ शकतो.

आणखी एक. झटपट चिकटवायच्या डिंकाची बाटली थेंबांच्या बाटलीसारखीच दिसते. ती समजून डोळ्यांत घातल्याचे प्रकार घडलेले आहेत. दोन्ही एका खणात ठेवू नका. आमचे गुरुजी आता थेंबांची बाटली जुन्या चष्म्याच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवतात. डबीवर खडूने तारीख लिहितात आणि महिना झाला की पुसून नवी घालतात.