कुंभारीण आणि तिचा बंदिवान

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांपैकी पतंग, मधमाशी, कोळी आणि कुंभारीण हे चार जीव पाठीचा कणा नसलेले, म्हणजे अपृष्ठवंशीय होत. ज्ञात प्राणिजातींपैकी शेकडा ९५ हून अधिक जाती याच वर्गातील आहेत; तेव्हा चोविसांत चार हा मान थोडाच म्हणावयाचा!

कुंभारणीवरून कीटभृंगन्याय प्रसिद्ध झाला. ती अळीस मातीच्या घरट्यात कोंडते, अळी भयाने तिचेच चिंतन करते व अखेर तद्रूप होते, असे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. आत अळी जाते आणि बाहेर कुंभारीण येते, एवढे पाहणाऱ्यांनी खरोखरच पाहिले होते. मधला प्रकार मात्र मातीआड राहिला.

फ्रान्समधील झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) या शिक्षकाने अशी घरटी उघडून पाहिली. कुंभारीण प्रथम मडके घडविते व त्याच्या छतास बारीक तंतूने एक अंडे टांगते. मग अळ्यांना नांगी मारून त्या आत भरते. अळ्या मरत नाहीत, लुळ्या पडतात. म्हणून अन्न नासत नाही. तरीही त्या थोड्या वळवळतात. खाली पडलेले अंडे त्यांत चिरडले असते. टांगलेले सुरक्षित राहते. अंड्यातून निघालेले पिल्लू अळ्या खाऊन वाढते, कोशात जाते आणि पंख फुटल्यावर भिंत फोडून बाहेर पडते.

म्हणजे अळीची कुंभारीण होत नाही; अळी तिच्या लेकराचा शिधा होते. हे ऐकून कित्येक भाविकांस वाईट वाटते. आमच्या मते तसे वाटण्याचे कारण नाही. दृष्टांत एकदेशी असतो. चित्त ज्याचा ध्यास घेते तदाकार होते, हा सिद्धांत साधकाच्या अनुभवावर उभा आहे, अळीवर नव्हे. शाळेत शिकलेली ही गोष्ट मुलाने घरी सांगितली असता त्यास नास्तिक म्हणून गप्प बसविणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

पिके खाणाऱ्या अळ्यांवर कुंभारणीचा मोठा वचक असतो. ती एकटी राहते आणि हाताने धरल्यावाचून सहसा डसत नाही. सभामंडपाची झाडलोट करताना तिचे मडके आढळले, तर त्यास भोक आहे काय ते पाहावे. भोक असल्यास आतला जीव गेला आहे, ते खुशाल काढावे. बंद असल्यास काही दिवस राहू द्यावे.