हट्टी बोल्ट आणि तरफेचा नियम

नागपुराहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आपल्या लाखनी गांवांतून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आतां तो ५३ आहे. अशा हमरस्त्यावर जेथें गाड्या आहेत तेथें मिस्त्री आहेत, आणि मिस्त्र्याच्या दुकानापुढें एक देखावा केव्हां ना केव्हां दिसतोच. मोटारीच्या इंजिनाच्या तोंडाशीं वांकून एक मनुष्य पाना ओढीत असतो, दुसरा त्या पान्यावर हातोडा मारीत असतो, आणि तिसरा उभ्या उभ्या सल्ला देत असतो. बोल्ट मात्र जागचा हालत नाहीं. हा बोल्ट बहुधा क्रँकशाफ्टच्या पुलीचा असतो. तो इतका हट्टी कां, आणि तो शहाणपणानें कसा सोडवावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. विद्यार्थिमित्रहो, त्यासाठीं लागणारें शास्त्र तुम्ही वर्गांत शिकलेलेंच आहे.

प्रथम या भागाची ओळख करून घेऊं. इंजिनांतील दट्टे वरखालीं सरकतात. त्या सरळ गतीचें चक्राकार गतींत रूपांतर करणारा जो वांकडातिकडा पोलादी दांडा, तोच क्रँकशाफ्ट होय. त्याच्या पुढच्या टोंकास एक पुली बसविलेली असते. तिच्यावरील पट्टा वीज उत्पन्न करणाऱ्या अल्टरनेटरला, आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याच्या पंपालाही फिरवितो. पुलीच्या मधोमध एक मोठा बोल्ट असतो. तोच आपला नायक. ज्यांनीं जुन्या जीपगाड्या पाहिल्या असतील त्यांना आठवेल कीं, त्या गाड्यांना समोरून लोखंडी हँडल मारून चालू करीत. तें हँडल जेथें अडकवीत, ती जागाही हीच. पुढें विजेच्या स्टार्टरनें हँडलाचें काम घेतलें. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत तो प्रथम नित्याच्या वापरांत आला. हँडल गेलें, बोल्ट मात्र राहिला.

हा बोल्ट रोज सोडावा लागत नाहीं. परंतु टायमिंगचा पट्टा बदलावयाचा असेल, किंवा पुलीमागील सीलांतून तेल गळत असेल, तर बहुतेक इंजिनांत त्याला हात लावल्यावांचून गत्यंतर नसतें. टायमिंगचा जुना पट्टा धांवत्या गाडींत तुटला तर कित्येक इंजिनांत झडपा दट्ट्यांवर आपटून वांकतात. म्हणून हें काम टाळणेंही परवडत नाहीं.

आतां त्याच्या हट्टाचें कारण पाहूं. चाकाचा नट साधारणपणें १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आंवळतात; या बोल्टास कित्येक गाड्यांत १५० ते २५० न्यूटन-मीटर इतकें आघूर्ण द्यावें लागतें. आघूर्ण म्हणजे फिरविण्याची शक्ति. जोर आणि आंसापासून जोराचें अंतर यांचा गुणाकार. बोल्ट आंवळतांना आपण जें आघूर्ण देतों त्यांतील सुमारें निम्मा भाग बोल्टाच्या डोक्याखालील घर्षणांत जातो, सुमारें चार दशांश भाग आट्यांच्या घर्षणांत जातो, आणि उरलेला केवळ एक दशांश भाग बोल्टास ताणून पुली घट्ट धरण्याच्या कामीं येतो. म्हणजे सोडवितांना आपली झुंज मुख्यतः घर्षणाशीं असते. त्यांत पावसाळ्याच्या चिखलपाण्यानें गंज चढतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, त्यामुळें आधींच घट्ट असलेल्या फटी तो आणखी घट्ट करतो. बोल्टाच्या मनांत वैर नसतें. वर्षानुवर्षें सांचलेलें घर्षण, एवढेंच त्याचें बळ.

परंतु याहूनही मोठी अडचण निराळीच आहे. क्रँकशाफ्ट हा मुळांत फिरण्यासाठींच केलेला दांडा आहे. आपण बोल्ट फिरवूं लागलों कीं त्याच्याबरोबर शाफ्टही फिरतो. विहिरीवर घागर गोल फिरूं लागली तर तिच्या तोंडावरचें झांकण कसें उघडणार? एका हातानें घागर धरावी लागते, तेव्हांच दुसऱ्या हाताचा जोर झांकणास लागतो. येथेंही तसेंच आहे. बोल्टास किती जोर लावावा हा दुसरा प्रश्न. शाफ्ट कशानें धरावा हा पहिला. पुष्कळ दुकानांत या दोन प्रश्नांचा क्रम उलटतो, आणि तेथूनच इजा व नुकसान यांस प्रारंभ होतो.

शाफ्ट धरण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्या त्या पुलीसाठीं केलेलें धारक हत्यार. तें पुलीच्या खांचेंत किंवा भोंकांत बसतें, आणि त्याची लांब मूठ चेसिसला टेकवितां येते. तें नसेल तर हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत दुसरा उपाय आहे: गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्यें घालून एका साथीदारानें पायाचा ब्रेक घट्ट दाबून बसावें. पुष्कळांस वाटतें कीं पहिला गिअर अधिक बळकट, तेव्हां तोच बरा. पण हिशेब करून पाहा. पहिल्या गिअरमध्यें शाफ्टाचें आघूर्ण चाकांशीं पोहोंचेपर्यंत सुमारें बारा-चौदा पट होतें, पांचव्यांत सुमारें तीन-साडेतीन पट. म्हणून वरच्या गिअरमध्यें ब्रेकाला फार कमी झगडावें लागतें. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत इंजिन व गिअरपेटी यांमध्यें तेलाचा दुवा असतो, म्हणून तेथें हा उपाय चालत नाहीं.

शाफ्ट स्थिर झाला म्हणजे तरफेची पाळी. समजा, बोल्टास २०० न्यूटन-मीटर आघूर्ण हवें आहे. पाना ३० सेंटिमीटर लांबीचा असेल तर त्याच्या टोंकाशीं सुमारें ६८ किलो वजनाइतका जोर लावावा लागेल. तोच दांडा एक मीटर लांबीचा केला तर अवघ्या २० किलोंत काम होतें. गंजलेल्या बोल्टास याच्या दुप्पट आघूर्ण लागलें, तर आंखूड पान्यावर १३६ किलो लागतील, लांब दांड्यावर सुमारें ४१. म्हणूनच अनुभवी मिस्त्री पान्यावर पाइप चढवितो. बाराकोनी गोटीऐवजीं सहाकोनी गोटी घ्यावी, म्हणजे बोल्टाचे कोपरे झिजत नाहींत. गोटी बोल्टावर पूर्ण बसली पाहिजे, आणि जोडदांडा लांब असेल तर त्याच्या खालीं घोडी ठेवावी. बहुतेक गाड्यांत हे आटे उजवे असतात. म्हणून समोरून पाहतां घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेस जोर द्यावा. तो झटक्यानें देऊं नये, हळूहळू वाढवीत न्यावा.

टायरच्या दुकानांतील वाऱ्याची गन तुम्ही पाहिली असेल. पेल्यावर पत्ता व पत्त्यावर नाणें ठेवून पत्त्यास टिचकी मारली, तर पत्ता उडतो आणि नाणें पेल्यांत पडतें. जडत्वाचा हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. गनीचेंही रहस्य तेंच. ती एका सेकंदांत अनेक तीक्ष्ण ठोसे देते. प्रत्येक ठोसा इतका अल्पकाळ टिकतो कीं, जड शाफ्टास त्याच्यामागें धांवण्यास वेळच मिळत नाहीं. मात्र गनीसाठीं जाड गोटीच वापरावी. साधी गोटी फुटून तुकडे डोळ्यांत जाण्याचें भय असतें.

कांहीं गोष्टी मुळींच करूं नयेत. पाना चेसिसला टेकवून स्टार्टरचा एक झटका द्यावयाचा, अशी एक युक्ति प्रचलित आहे. ती कधीं कधीं साधते, आणि म्हणूनच ती मोहक आहे. परंतु पाना निसटला तर हात मोडतो. शिवाय होंडाच्या कांहीं जुन्या इंजिनांसारखीं उलट फिरणारीं इंजिनें आहेत, त्यांत बोल्ट सुटण्याऐवजीं अधिकच आंवळला जाईल. छिन्नीचे घाव घालूं नयेत. बोल्टाचें डोकें गेलें, किंवा तो शाफ्टांत तुटला, तर शंभर रुपयांचें काम हजारोंवर जातें. पुलीच्या मागें रबरी सील असतें, आणि पुष्कळ पुल्यांच्या पोटांतही रबर असतें. म्हणून तेथें ज्योत लावणें धोक्याचें आहे. गंज मऊ करणारें तेल रात्रभर मुरूं द्यावें, पण त्यावर फार भिस्त ठेवूं नये, कारण आटे वॉशरच्या मागें खोल असतात.

कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार काढावी, मागील चाकांस ओंडके लावावे, आणि गाडी केवळ जॅकवर कधींही ठेवूं नये. जोर लावतांना आपणांशींच एक प्रश्न विचारावा: हा पाना या क्षणीं निसटला तर माझा हात कोठें आपटेल? उत्तर वाईट असेल तर उभें राहण्याची जागा बदलावी.

बोल्ट सुटला म्हणजे काम अर्धेंच झालें. पुली बाहेरच्या कडेस टोंचून उपटूं नये. ओढणीचें हत्यार मधल्या भागास लावावें. परत बसवितांना गाडीच्या पुस्तकांत लिहिलेलें आघूर्ण टॉर्क-पान्यानें मोजून द्यावें. कांहीं इंजिनांत तोच बोल्ट पुन्हां वापरूं नये असें सांगितलेलें असतें. तेथें नवाच घ्यावा. कांहींत पुलीस चावी नसते, आणि टायमिंगचें चक्र केवळ या बोल्टाच्या दाबानें जागेवर राहतें. तेथें अंदाजानें आंवळलेला बोल्ट म्हणजे पुढें येणाऱ्या मोठ्या नुकसानीचें बीज होय.

पालकांसही एक विनंति. ज्या गाडीवर एखाद्या कुटुंबाची रोजची भाकरी चालते, तिचा हा बोल्ट आपल्या मुलांपैकीं कोणाच्या तरी हातीं उद्यां येणार आहे. तेलकट हातांचें काम हलकें, असें त्यांच्या मनांत भरवूं नये. गुणाकार येत असलेला हात त्या कामांत इतरांहून सुरक्षित असतो, आणि गाडीच्या धन्यास खर्चांतही तो कमी पडतो. घरीं दार, नळ वा सायकलीचा नट दुरुस्त करण्याची वेळ आली म्हणजे मुलास व मुलीसही जवळ बोलवावें, हातीं पाना द्यावा, आणि ओढण्यापूर्वीं विचारावें: "बाळ, दुसरी बाजू कोणी धरली आहे?"