चिमुकल्या विमानाचा पंखा

जत्रेत मिळणारी कागदाची भिंगरी वाऱ्यासमोर धरली की गरगर फिरू लागते. तिची पाती किंचित तिरपी असतात. वारा त्या पात्यांवर आदळून बाजूस वळतो आणि जाता जाता त्यांना ढकलतो. आता याच्या उलट विचार करून पाहावा. वारा मुळीच नाही, परंतु भिंगरीच कोणी जोराने फिरवीत आहे. अशा वेळी तिरपी पाती हवेला मागे लोटतील आणि मागे लोटली जाणारी हवा भिंगरीला पुढे रेटील. विमानाच्या नाकावर जो पंखा असतो, त्याचे सारे कार्य या एका गोष्टीत साठविलेले आहे. या पंख्यालाच प्रोपेलर असे म्हणतात.

छंद म्हणून छोटी विमाने बांधणारे व उडविणारे लोक जगात सर्वत्र आहेत. आरंभी अशी विमाने पीळ दिलेल्या रबरावर उडत असत. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत पेट्रोलवर चालणारी चिमुकली इंजिने विकत मिळू लागली आणि या छंदाचे रूपच पालटले. ही इंजिने तळहातावर मावतील एवढी असली, तरी ती खेळणी नव्हेत. मोटारीच्या इंजिनाप्रमाणेच त्यांत सिलिंडर असतो, दट्ट्या असतो, इंधन व हवा यांचे मिश्रण करणारा कार्बुरेटर असतो आणि ते मिश्रण पेटविण्याची सोय असते. नवशिक्याला वाटते की, इंजिन जितके मोठे, तितके विमान चांगले उडेल. जाणकार मनुष्य मात्र प्रथम विचारतो, “पंखा कोणता लावला आहे?”

पंख्यावर बहुधा दोन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, १० × ६. यांतील पहिला आकडा पंख्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी इंचांत दाखवितो. पंखा फिरतो तेव्हा त्याच्या टोकांनी जे वर्तुळ आखले जाते, त्याचा हा व्यास होय. दुसरा आकडा समजण्यासाठी मळसूत्राचा खिळा, म्हणजे स्क्रू, डोळ्यांपुढे आणावा. स्क्रूला एक पूर्ण फेरा दिला की तो लाकडात ठरावीक अंतर पुढे सरकतो. पंखाही एका फेऱ्यात हवेतून असाच पुढे सरकला असता, तर त्याने जेवढे अंतर कापले असते, तो त्याचा दुसरा आकडा. त्याला पिच म्हणतात.

यावरून एक सोपे गणित मांडता येते. ६ इंच पिचचा पंखा मिनिटास १०,००० फेरे घेत असेल, तर तो मिनिटात ६०,००० इंच, म्हणजे १,५२४ मीटर पुढे जाईल. हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर भरतो. प्रत्यक्षात हवा लाकडासारखी घट्ट नसते. ती पात्यांखालून निसटते. म्हणून विमानाचा खरा वेग या हिशेबाहून सामान्यतः काहीसा कमीच असतो. तथापि कोणता पंखा कोणत्या वेगासाठी योग्य, याचा पहिला अंदाज या गणिताने बांधता येतो.

पंखा हातात घेऊन नीट न्याहाळला, तर त्याच्या पात्याला पीळ दिलेला आढळतो. मध्याजवळ पाते बरेच उभे असते आणि टोकाकडे ते आडवे होत जाते. याचे कारण उघड आहे. एका फेऱ्यात पात्याच्या टोकाला मोठे वर्तुळ फिरावे लागते, तर मध्याजवळच्या भागाला लहान. पुढे मात्र दोघांनाही सारखेच सरकावयाचे असते. म्हणून ज्याची वाट लांब, त्याचा चढ सौम्य आणि ज्याची वाट आखूड, त्याचा चढ उभा, अशी ही योजना आहे.

पंख्याचे हे शास्त्र आयते हाती आलेले नाही. राइट बंधू १९०३ साली विमान बांधीत होते, तेव्हा जहाजांच्या पंख्यांची माहिती आपल्या उपयोगी पडेल, अशी त्यांची समजूत होती. परंतु तसे कोणतेही सिद्धशास्त्र त्यांना मिळाले नाही. तेव्हा त्या दोघा भावांनी दिवसेंदिवस आपसात वाद घातले, आकडेमोड केली आणि एक मर्म शोधून काढले. पंखा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून वर्तुळात फिरणारा विमानाचा पंखच होय! त्यांच्या इंजिनाची शक्ती केवळ १२ अश्वशक्तीच्या आसपास होती. तरीसुद्धा त्यांनी लाकडातून घडविलेल्या साडेआठ फुटी दोन पंख्यांनी त्या तुटपुंज्या शक्तीचे चीज केले आणि मनुष्य आकाशात उडाला.

आता इंजिनाकडे वळू. कोणतेही इंजिन सर्व गतींना सारखीच शक्ती देत नाही. फेरे वाढत जातात तशी त्याची शक्ती वाढते, एका ठरावीक गतीला ती पराकोटीस पोहोचते आणि त्यापुढे पुन्हा ढासळते. उलटपक्षी पंख्याची मागणी मात्र अखंड वाढतच जाते. फेरे दुप्पट करावयाचे असल्यास पंखा सुमारे आठपट शक्ती मागतो. व्यासाचा परिणाम तर याहूनही तीव्र आहे. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, एक १० इंचांचा व दुसरा ११ इंचांचा, आणि दोन्ही सारख्याच गतीने फिरविले, तर मोठ्या पंख्याला सुमारे दीडपटीहून अधिक शक्ती लागते. एका इंचाने एवढा फरक पडतो!

म्हणून इंजिन व पंखा यांची जोडी जमावी लागते. पंखा फार मोठा असेल, तर दुबळ्या बैलांना अवजड गाडा जुंपल्यासारखी इंजिनाची गत होते. ते धापा टाकते, तापते आणि आपली खरी शक्ती देणाऱ्या गतीपर्यंत पोहोचतच नाही. पंखा फार लहान असेल, तर इंजिनाला ओझेच जाणवत नाही. ते भलत्याच गतीने फिरू लागते, त्याचे भाग झिजतात आणि मोठा आवाज होऊनही विमान जोमाने पुढे जात नाही. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. विमान जमिनीवर उभे असते, तेव्हा पंख्यावरील भार अधिक असतो. विमान उडू लागले की समोरून येणाऱ्या हवेमुळे तो भार हलका होतो आणि फेरे वाढतात. म्हणून जमिनीवर इंजिन आपल्या सर्वोत्तम गतीच्या थोडे खालीच राहील, असा पंखा जाणकार निवडतात.

जोडी जमली तरी एक प्रश्न उरतोच. विमानाकडून काम कोणते करून घ्यावयाचे आहे? शर्यतीच्या विमानाला लहान व्यासाचा आणि मोठ्या पिचचा पंखा शोभतो. सावकाश उडणाऱ्या, किंवा सरळ वर चढणाऱ्या विमानाला मोठ्या व्यासाचा व लहान पिचचा पंखा हवा. मोठ्या पंख्याचा लाभ एका उदाहरणाने पटेल. दर सेकंदाला १ किलोग्रॅम हवा १० मीटर वेगाने मागे फेकली काय, किंवा २ किलोग्रॅम हवा ५ मीटर वेगाने फेकली काय, विमानाला मिळणारा रेटा सारखाच. परंतु दुसऱ्या रीतीत शक्ती निम्मीच खर्च होते. थोड्या हवेला जोराने झोडपण्यापेक्षा पुष्कळ हवेला हळुवारपणे मागे सारणे, यातच काटकसर आहे.

या काटकसरीचे मोल किती मोठे असू शकते, हे अमेरिकेतील मेनार्ड हिल यांनी जगाला दाखविले. हे गृहस्थ अभियंता होते आणि छोट्या विमानांचे अनेक जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होते. उतारवयात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आणि ऐकूही फार कमी येऊ लागले. अशा अवस्थेत त्यांनी ठरविले की, आपले छोटे विमान अटलांटिक महासागर ओलांडून जाईल! त्या विक्रमाच्या नियमानुसार उड्डाणाच्या वेळी इंधनासह विमानाचे वजन ५ किलोग्रॅमहून अधिक असून चालणार नव्हते. यांतील जवळजवळ निम्मे वजन इंधनालाच दिले, तरी ते चार लिटरसुद्धा भरत नव्हते. तेवढ्यात सुमारे ३,००० किलोमीटर समुद्र पार करावयाचा होता.

अशा प्रवासात ‘माझे विमान किती वेगाने जाईल’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. ‘इंधनाच्या एका थेंबात ते किती दूर जाईल’ हा एकच प्रश्न उरतो. हिल यांनी सुमारे १० घनसेंटिमीटरचे एक इंजिन घेतले. ते मूळचे मेथॅनॉलवर चालणारे होते. त्यांनी ते कंदिलात व शेगडीत वापरल्या जाणाऱ्या, पेट्रोलच्या जातीच्या शुद्ध इंधनावर चालेल असे केले. कारण तेवढ्याच वजनाच्या मेथॅनॉलपेक्षा अशा इंधनात सुमारे दुप्पट उष्णता असते. इंजिन शर्यतीच्या गतीने न पळविता ते मंद व एकसारखे फिरेल, अशी त्यांनी व्यवस्था केली. पंख्याचे गणित येथे पुन्हा कामी येते. फेरे कमी, परंतु विमानाने थांबता तर कामा नये. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात अधिक अंतर कापणारा पंखा हवा.

२००२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी केलेले तिन्ही प्रयत्न फसले. २००३ साली चौथे विमानही समुद्राने गिळले. पाचवे विमान ९ ऑगस्ट २००३ रोजी न्यूफाउंडलंडमधील केप स्पिअर येथून उडाले. उपग्रहांच्या साह्याने दिशा राखीत, सुमारे ३०० मीटर उंचीवरून ते दोन रात्री समुद्रावर चालत राहिले. ११ ऑगस्टला आयर्लंडच्या किनाऱ्यावर, क्लिफडेनजवळ, वाट पाहणाऱ्या मंडळींना ते दिसले आणि त्यांनी ते सुखरूप खाली उतरविले. १९१९ साली आल्कॉक व ब्राउन यांनी अटलांटिकवरील पहिले न थांबता केलेले उड्डाण संपविले, तेही याच क्लिफडेनजवळ. हिल यांच्या चिमुकल्या विमानाने ३८ तास ५२ मिनिटे अखंड उड्डाण केले होते. सरासरीने तासाला अर्धा पेलाभर इंधनही त्याला लागले नव्हते. उतरले तेव्हा टाकीत अगदी थोडे इंधन शिल्लक होते. पंखा व इंजिन यांची जोडी जराही बिनसली असती, तर हा प्रवास समुद्रातच संपला असता. त्या वेळी हिल ७७ वर्षांचे होते.

पंखा हा असा उपकारक असला, तरी त्याच्याशी सलगी करणे धोक्याचे आहे. १० इंची पंखा मिनिटास १०,००० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर असतो आणि फिरताना तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून चालू इंजिनाजवळ बोटे, सैल कपडे वा दोरी नेऊ नये. पंख्याच्या पुढे किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नये, आणि तडा गेलेला पंखा कितीही आवडता असला तरी टाकून द्यावा. दोन्ही पाती समतोल नसतील, तर इंजिन थरथरते व लवकर निकामी होते. मध्यावर आधार दिलेला पंखा कोणत्याही बाजूस न झुकता स्थिर राहिला पाहिजे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्याकडे म्हणतात. जेवढी शक्ती जवळ आहे, तेवढीच ओळखून, तिला साजेसा पंखा निवडून आणि काम कोणते साधावयाचे हे आधी ठरवून निघाले, तर तासाला अर्ध्या पेल्याच्या इंधनावर चालणारे विमानही महासागर ओलांडू शकते.

स्वाध्याय

१. पंख्यावरील १० × ६ या आकड्यांचा अर्थ सांगा.
२. पंख्याच्या पात्याला पीळ का दिलेला असतो?
३. फार मोठा व फार लहान पंखा लावल्यास इंजिनावर कोणते परिणाम होतात?
४. ८ इंच पिचचा पंखा मिनिटास ९,००० फेरे घेतो. तो एका मिनिटात किती इंच पुढे जाईल?
५. ‘दुबळ्या बैलांना अवजड गाडा’ ही उपमा कशासाठी वापरली आहे? अशीच दुसरी उपमा योजून वाक्य लिहा.