पुरवणी म्हणून सुरू झालेला खेळ

प्रश्न : 'अनचार्टेड ४' खेळून झाला. 'द लॉस्ट लेगसी'ची कथा भारतात घडते म्हणे. घ्यावा का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : जरूर घ्या. नॉटी डॉग या व्हिडिओ गेम कंपनीने हा खेळ आधी 'अनचार्टेड ४'ची पुरवणी म्हणूनच योजला होता; पसारा वाढला आणि २०१७ मध्ये तो स्वतंत्रपणे विक्रीला आला. पुरवणीपणाचा त्याला फायदाच झाला. मालिकेचा नायक नेथन ड्रेकला बाजूला ठेवून क्लोई आणि नदीन या दुय्यम पात्रांना पुढे आणता आलं. एकमेकींवर विश्वास नसलेल्या या दोघींचं हळूहळू जुळत जाणं मूळ मालिकेतल्या कित्येक नात्यांपेक्षा खरं वाटतं. पश्चिम घाटातला जीपने हिंडायचा मोकळा टापूही छान. शेवटी मात्र लेखकांचा दम संपतो : धावत्या आगगाडीवरची हाणामारी दुसऱ्या भागात होऊन गेलेली आहे.

खरी उणीव कथेत ज्यांच्या वारशाचा शोध चालतो, त्या कर्नाटकातल्या होयसळ राजघराण्याच्या चित्रणात आहे. गणपतीच्या सुळ्याचा शोध, कडेकपारीतली अजस्र यंत्रं हे सगळं कल्पित. खेळाकडून इतिहासाची अपेक्षा कशाला, असं कुणी म्हणेल. मान्य, पण इथली कोडी मूर्ती आणि पुराणकथा वाचूनच सुटतात, म्हणजे संस्कृतीची ओळख हाच इथला माल आहे. होयसळांचं खरं वैभव बेलूर-हळेबीडच्या मऊ दगडातल्या बारीक कोरीवकामात आहे, अवाढव्यपणात नव्हे. आपल्या देवगिरीच्या यादवांचे हे प्रतिस्पर्धी. हत्तीखान्याची लेणी गावातच असलेल्या तुम्हाला हा फरक चटकन जाणवेल. पीसीवर हा खेळ २०२२ पासून चौथ्या भागासोबत एकाच संचात मिळतो.