एमएनडीत वागणं बदललं तर: तपासणीचा खर्च कुठे होतो, कुठे नाही

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये, म्हणजे एमएनडीत, हातपाय जातात, डोकं शाबूत राहतं, असंच बहुतेक घरांना सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या विचारात किंवा वागण्यात काही ना काही फरक पडतो. बायको न्हाणीघरात घसरून पडली तरी नवऱ्याची नजर टीव्हीवरून हलत नाही. धड गिळता येत नसताना पेढ्यावर पेढा तोंडात कोंबला जातो. घरचे म्हणतात, आजारपणाने हेकट झालेत.

हा नुसता हेकटपणा की आजाराचाच भाग, हे पाहायला 'ईकॅस' ही एडिंबरा विद्यापीठात खास याच आजारासाठी तयार झालेली चाचणी आहे. वेळ 15-20 मिनिटं. उत्तरं बोलून किंवा लिहून देता येतात, त्यामुळे जीभ जड झाली म्हणून गुण कापले जात नाहीत. वागण्याचे प्रश्न मात्र घरच्या माणसाला विचारतात: बेतालपणा, निरुत्साह, माया आटणं, तेच ते करत राहणं, खाण्यातले बदल. रुग्णासमोर याची खरी उत्तरं कोण देणार? म्हणून नंबर लावतानाच सांगा, 'मला डॉक्टरांशी वेगळं बोलायचंय.'

चाचणीचा कागद फुकट आहे. पैसे पडतात ते न्यूरॉलॉजिस्टच्या किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या वेळेचे. खासगीत चाचणीची फी सल्ल्याच्या फीतच धरलीय की वेगळी, आणि लेखी रिपोर्ट मिळणार का, हे आधी विचारा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. तिथे न्यूरॉलॉजिस्ट नसला तरी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवता येतं का, ते पाहा. नैराश्य आणि निरुत्साह वेगळे काढायला तोही हवाच. सांभाळणाऱ्याचाच धीर सुटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

पुन्हा एमआरआय सुचवला, तर त्याने उपचारात काय बदलेल ते विचारून मगच हो म्हणा. रात्रीच्या श्वासाच्या तपासणीत मात्र काटकसर नको. श्वासाचे स्नायू दुबळे झाले की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस सकाळी सुस्त, गोंधळलेला दिसतो. बायपॅप या मास्कवाटे श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राने ते बरंच सुधारू शकतं.

हे सगळं पोटातली नळी, बायपॅप, मृत्युपत्र यांचे निर्णय घ्यायच्या आधी उरका. बिलं जपून ठेवा: प्राप्तिकरातल्या उपचारखर्चाच्या वजावटीच्या यादीत (1961च्या कायद्यातलं कलम 80डीडीबी) हा आजार आहे. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर जुन्या करप्रणालीत 40 हजारांपर्यंत, ज्येष्ठांसाठी 1 लाखापर्यंत वजावट मिळते. त्याला न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते. तीही त्याच भेटीत मागून घ्या.